चेंडू आमच्याकडे, गोल त्यांचे: फुटबॉलमध्ये मोजायचं तरी काय?

सीवूड्सचा_गोली | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, धागा क्रीडा विभागात टाकतोय, पण गणितवाल्यांनीही यावं ही विनंती.

आमच्या सोसायटीच्या पोरांचा चौदा वर्षांखालचा संघ आहे आणि शनिवार-रविवार त्यांना पळवायचं काम माझ्याकडे. नोकरी सांभाळून केलेली हौस, कोचिंगचं लायसन्स वगैरे काही नाही. आज घणसोलीच्या एका टर्फवर सात-सातची मॅच होती. बॉल जवळजवळ सगळा वेळ आमच्याच पायात. समोरचे दोनदा हाफलाइन ओलांडून आले आणि दोन्हीदा गोल करून गेले. आम्ही विसेक वेळा मारला असेल, आत गेला एक.

मॅच संपल्यावर पोरं गप्प, पालक मात्र बोलते झाले. एका बाबांनी मोबाइलवर पझेशन, म्हणजे बॉल किती वेळ कोणाकडे होता ते, काढलं होतं, पासष्ट टक्के आपलं. "सर, एवढं असून हरतो म्हणजे डावपेचच चुकतायत." दुसऱ्यांचं म्हणणं, नशीब. आता कमिटीत विषय निघालाय की कॅमेरा लावून सगळे आकडे काढून देणारी एक सेवा घ्यायची. वर्षाची वर्गणी चांगली सणसणीत आहे.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. पझेशनवरून काही कळतं का? आणि कॅमेरा न लावता, वही-पेन्सिलीवर काय टिपलं तर पुढच्या सरावाला कामाला येईल?

मीटरगेज | शनिवार, रात्री १०.५२

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. जुना_हाफबॅक काका आले की धागा शंभरी गाठणार.

घोडबंदरी | शनिवार, रात्री ११.१५

पझेशनचं भूत लोकांच्या मानेवरून उतरतच नाही. २०२२ च्या कतार वर्ल्डकपमध्ये जपानने स्पेनला २-१ हरवलं, तेव्हा जपानकडे बॉल किती होता? १७.७ टक्के. वर्ल्डकपमध्ये इतक्या कमी पझेशनवर कोणी जिंकल्याची नोंद नाही. पुढच्याच मॅचला स्पेनने मोरोक्कोविरुद्ध हजारावर पास केले, गोल शून्य. पेनल्टी शूटआउटमध्येही एक आत गेला नाही, घरी गेले.

याचा अर्थ बॉल सोडून द्या असा नाही बरं का. तोच बॉल फिरवत स्पेन २०१० ला वर्ल्डकप जिंकलं होतं. आणि लेस्टर सिटी २०१५-१६ ला प्रीमियर लीग जिंकली तेव्हा पझेशनच्या यादीत अगदी तळाजवळ होती. बॉल कोणाकडे हे कळून फारसं काही कळत नाही. बॉल कुठे होता आणि तिथून पुढे काय झालं हे विचारा.

जुना_हाफबॅक | रविवार, सकाळी ६.३०

आलो.

गोलीसाहेब, तुमच्या पोरांना सांगा, बॉल आला की पुढे टाका. आम्ही मुंबईत कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स कप बघत मोठे झालो. मैदानाबाहेर कोणी कॅलक्युलेटर घेऊन बसलेला पाहिला नाही. आमचे कोच एकच सांगायचे, बहुतेक गोल तीन पासांत होतात, चौथा पास कशाला? हे काही त्यांनी मनाने सांगितलं नव्हतं, इंग्लंडात कोणीतरी मोजून काढलं होतं म्हणे. आता तुमचेच आकडेवाले आमच्या बाजूने बोलतायत म्हटल्यावर काय करणार?

प्राजक्ता_ठाणे | रविवार, सकाळी ९.०५

काका, नमस्कार. तुमच्या कोचनी सांगितलं त्याचा उगम चार्ल्स रीप नावाच्या गृहस्थात आहे. गोष्ट इतकी मजेदार आहे की सविस्तर लिहिते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि दर वर्षी पहिल्या आठवड्यात हे उदाहरण वर्गात घेते.

रीप ब्रिटिश हवाईदलात अकाउंटंट होते, विंग कमांडर पदापर्यंत पोचले. मार्च १९५० मध्ये स्विंडन टाउन आणि ब्रिस्टल रोव्हर्सची मॅच बघायला गेले. पहिल्या हाफमध्ये हल्ल्यामागून हल्ले वाया जाताना बघून वैतागले, मध्यंतरात खिशातून वही-पेन्सिल काढली आणि दुसऱ्या हाफपासून प्रत्येक हल्ला नोंदवायला लागले. ते पुढे कित्येक वर्षं थांबलेच नाहीत. १९६८ ला बर्नार्ड बेंजामिन यांच्याबरोबर रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध आला. त्यातलं गाजलेलं निरीक्षण हेच, की सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांनंतर होतात. त्यावरून निघालेला निष्कर्ष: पास कमी करा, बॉल लांब टाका. इंग्लंडमध्ये पिढ्याच्या पिढ्या यावर खेळल्या.

आता यातली मेख. गोल झालेल्या हल्ल्यांपैकी किती लहान होते, हे पाहिलं गेलं. पण एकूण हल्ल्यांपैकी लहान किती असतात? रीप यांच्याच नोंदींत ते प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. फुटबॉलमध्ये बॉल पटकन जातोच, बहुतेक चाली दुसऱ्या-तिसऱ्या पासाला संपतात. म्हणजे ९० टक्क्यांहून जास्त संधी मिळूनही लहान हल्ले ८० टक्केच गोल देतात. उरलेल्या दहा टक्क्यांहून कमी लांबलचक चाली २० टक्के गोल देऊन जातात. दर हल्ल्यामागे हिशेब केला तर निष्कर्ष चक्क उलटा होतो. अंश अगदी निगुतीने मोजला, भाजक मोजूनही त्याने भागायचं राहिलं.

पुढे २००५ मध्ये ह्यूज आणि फ्रँक्स या दोघांनी १९९० आणि १९९४ च्या वर्ल्डकपवर असा भागाकार करून दाखवला. लांब चालींतून दर हल्ल्यामागे शॉट जास्त मिळतात. पण काका, अर्धा गुण तुम्हालाही आहे. एकदा शॉट मारला की तो गोलात जाण्याचं प्रमाण थेट, कमी पासांच्या खेळात जास्त निघालं. तेव्हा समोरचा बचाव अजून मागे येऊन उभा राहिलेला नसतो.

जुना_हाफबॅक | रविवार, सकाळी ९.२०

अर्धा गुण घेतला. उरलेला अर्धा पुढे बघू.

मीटरगेज | रविवार, सकाळी ९.२४

धागा वाचनखूण साठवली. ताई, लेक्चरला हजेरी लावली तर चालेल का?

सीवूड्सचा_गोली | रविवार, दुपारी १.१०

हे भारी आहे. म्हणजे गोल किती झाले यापेक्षा किती वेळा प्रयत्न केला त्यावर भागायचं. पण मग आमचे वीस शॉट आणि एक गोल, त्यांचे दोन शॉट आणि दोन गोल, हे कसं वाचायचं? टीव्हीवर तो एक्सजी दाखवतात, त्याचा इथे काही उपयोग?

प्राजक्ता_ठाणे | रविवार, दुपारी ३.४५

एक्सजी म्हणजे अपेक्षित गोल. तशाच जागेवरून, तशाच परिस्थितीत आजवर मारलेल्या हजारो शॉटपैकी किती आत गेले, तो अपूर्णांक. पेनल्टी साधारण ०.७६ ते ०.७८ धरतात, कारण चारांतल्या तीन आत जातात. मोठ्या लीगमध्ये सगळे शॉट एकत्र धरले तर दहातला एक. बॉक्सबाहेरून मारलेले तीस-चाळीसांत एखादा.

आता हिशेब करून बघा. एका संघाने दोनच शॉट मारले, पण दोन्ही समोरून, प्रत्येकी ०.५. दुसऱ्याने दहा मारले, प्रत्येकी ०.१. दोघांचा एक्सजी १. मग मॅच बरोबरीची? दहा शॉटवाल्यांचा एकही गोल न होण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ३५ टक्के. दोन शॉटवाल्यांची ०.५ गुणिले ०.५, म्हणजे २५ टक्के. सगळी जुळणी मांडली तर दोन शॉटवाले जिंकतात ३६ टक्के वेळा, दहा शॉटवाले ३१ टक्के, बाकी बरोबरी. बेरीज सारखी असूनही मोजक्या मोठ्या संधी मिळवणारा किंचित पुढे. हां, दहावाला तीन-चार गोलही मारून जाऊ शकतो, दोनवाल्याला ती मुभा नाही.

तुमचे वीस शॉट कुठून होते, हे कळल्याशिवाय 'नशीब' हा शब्द वापरू नये असं माझं मत.

टर्फवाला | रविवार, रात्री ८.३०

मी कोपरखैरण्यात टर्फ चालवतो, दिवसातून कैक मॅचेस डोळ्यांखालून जातात. ताईंचं गणित बरोबर, पण टीव्हीवरचे आकडे जसेच्या तसे टर्फवर लावू नका. पोस्ट लहान, बऱ्याच ठिकाणी ऑफसाइड नाही, चौदा वर्षांचा कीपर वरचा कोपरा गाठू शकत नाही. आमच्याकडे पोरांचे लांबून मारलेले उंच शॉट मोठ्या माणसांपेक्षा जास्त आत जातात, आणि खालून सरपटी मारलेले कीपर आरामात घेतो. तुमच्या टर्फचे आकडे तुम्हालाच तयार करावे लागतील.

पण कोनाचं गणित सगळीकडे तेच. मोठ्या मैदानाचं सांगतो. पोस्ट ७.३२ मीटर रुंद. पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर, तिथून समोर दिसणारा कोन ३७ अंशांच्या आसपास. आता गोललाइनपासून तितकंच अंतर ठेवून १५ मीटर बाजूला सरका. कोन १४ अंशांवर येतो. पोरांना हे कळत नाही, कारण तिथून पोस्ट जवळच 'वाटतं'. मी सराव असला की त्या जागी दोन दोऱ्या ताणून दोन्ही खांबांना बांधतो आणि पोराला मध्ये उभं करतो. दोऱ्या किती जवळ येतात ते त्याला स्वतःलाच दिसतं.

सीवूड्सचा_गोली | रविवार, रात्री ९.०५

दोऱ्यांची आयडिया ढापली! आमचा उजवा विंगर नेमका हेच करतो. लाइनवरून पळत कोपऱ्यापर्यंत जातो, दोघांना चकवतो, पालक टाळ्या वाजवतात, आणि मग जिथून जाळीची फक्त बाजू दिसते तिथून हाणतो. मध्ये दोन पोरं हात वर करून उभी. काल वीसमधले निम्मे तरी त्याचे असतील.

घोडबंदरी | रविवार, रात्री ९.४०

मिळालं तुमचं उत्तर. आता त्याला शॉट मारू नको म्हणण्यापेक्षा मागे ओढून पास दे म्हणा, कटबॅक. गोललाइनकडून मागे आलेल्या पासवर मारलेला शॉट चांगला समजतात, कारण कीपर आणि डिफेंडर दोघांची तोंडं चुकीच्या दिशेला असतात.

वहीत अजून एक रकाना करा: शॉटच्या वेळी स्कोअर काय होता. २०१४ च्या वर्ल्डकप सेमीफायनलला जर्मनीने ब्राझीलला ७-१ धुतलं. त्या मॅचची नुसती शॉटची संख्या बघितली तर ब्राझील पुढे! कारण अर्ध्या तासात ५-० झाल्यावर जर्मनी कशाला धावेल? मागे पडलेला संघ मारत सुटतो, पुढे असलेला सांभाळून खेळतो. तुम्ही शनिवारी कधी मागे पडलात? पहिल्या पाच मिनिटांत पडला असाल तर त्या पासष्ट टक्क्यांतले बरेच त्यांनीच तुम्हाला बहाल केलेत.

उलटही होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर महिला आशिया कपची फायनल झाली. मध्यंतराला कोरिया २-० पुढे. दुसऱ्या हाफमध्ये पेनल्टीवर चीनचा पहिला, लगेच दुसरा, आणि भरपाई वेळेत तिसरा, ३-२. स्कोअर बदलला की दोन्ही संघांचा खेळ बदलतो. अख्ख्या मॅचची एकच सरासरी काढली तर हे सगळं त्यात बुडून जातं.

सीवूड्सचा_गोली | रविवार, रात्री ९.५२

पहिला गोल खाल्ला तेव्हा मी अजून बिब वाटत होतो.

जुना_हाफबॅक | सोमवार, सकाळी ६.४०

त्या फायनलचं उदाहरण दिलंत ते बरं केलंत. मध्यंतराला चिनी मुलींच्या ड्रेसिंगरूममध्ये जे झालं असेल ते कोणत्या रकान्यात लिहिणार? ईर्षा, दम, पाय थरथरणं, यांचा एक्सजी काढा की. पेनल्टीचंच घ्या. तुमचं यंत्र म्हणतं ०.७६. शूटआउटमध्ये पाचवा मारायला निघालेल्या पोराला विचारा ०.७६ म्हणजे काय.

प्राजक्ता_ठाणे | सोमवार, रात्री १०.१५

दम मोजता येत नाही हे मान्य. पण काका, पेनल्टी हे उदाहरण तुम्ही नेमकं आमच्या अंगणातलं निवडलंत.

इस्रायलमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये २८६ पेनल्टी तपासल्या. मारणाऱ्यांनी २८.७ टक्के वेळा मधोमध मारलं. कीपर मध्ये उभे राहिले ६.३ टक्के वेळा! उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात हा हललाही नाही, उडी मारून खाल्ला तर म्हणतात प्रयत्न तरी केला. म्हणजे थरथरणाऱ्या पायांचाही ठसा आकड्यांत उमटतो.

दुसरं, इग्नासिओ पालासिओस-ह्युएर्ता हे अर्थशास्त्रज्ञ. हजारावर पेनल्टी अभ्यासून त्यांनी २००३ मध्ये दाखवलं की व्यावसायिक खेळाडू डावी-उजवी बाजू जवळजवळ गेम थिअरी सांगते तशीच मिसळतात. कोणत्याही बाजूला मारलं तरी यशाचं प्रमाण सारखं येतं, आणि पुढची कुठे येणार याचा माग मागच्यावरून लागत नाही. २००८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलआधी मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर व्हॅन डर सारबद्दलची त्यांची टिपणं चेल्सीपर्यंत पोचली होती. चेल्सीचे बहुतेक जण त्याच्या एकाच बाजूला मारत गेले.

जुना_हाफबॅक | सोमवार, रात्री १०.३०

आणि चेल्सी हरली. शेवटची आनेल्काची अडवली. मी रात्रभर जागून बघितलीय ती मॅच. व्हॅन डर सारने हात करून दाखवलं, इकडेच मारणार ना तू? आनेल्काने घाबरून दुसरीकडे मारली. झाला तुमचा अभ्यास!

प्राजक्ता_ठाणे | सोमवार, रात्री १०.५८

अगदी! पण त्या हात करण्यात काय आहे बघा. कीपरने पॅटर्न ओळखला होता. सगळे एकाच बाजूला मारतायत हे त्यानेही मनात मोजलंच की. एकदा समोरच्याला कळलं की तुमच्या युक्तीची किंमत उतरते. म्हणून मिसळ हवी.

(अवांतर: त्याआधी चेल्सीच्याच टेरीचा पाय घसरून खांबाला लागली नसती तर आनेल्काची वेळच आली नसती, आणि आज आपण त्या टिपणांना डोक्यावर घेऊन नाचत असतो. एका शूटआउटवरून पद्धत खरी-खोटी ठरवू नये, हे दोन्ही बाजूंना लागू.)

मीटरगेज | सोमवार, रात्री ११.०५

मिसळ म्हटल्यावर भूक लागली. मामलेदार आत्ता बंद असेल ना?

घोडबंदरी | सोमवार, रात्री ११.२०

ताई, एका मॅचवरून ठरवू नये हे पालकांना समजेल असं सांगा ना. गोलीसाहेबांना कमिटीसमोर लागणार आहे.

प्राजक्ता_ठाणे | मंगळवार, दुपारी ४.३०

प्रयत्न करते. समजा एक संघ दर मॅचला सरासरी १.५ गोल करतो आणि समोरचा १. म्हणजे पहिला चांगलाच उजवा. गोल हे दुर्मीळ आणि बऱ्यापैकी स्वतंत्र घडतात असं धरून पॉइसाँ वितरण लावलं, तर उजवा संघ जिंकतो ४९ टक्के वेळा, बरोबरी २६ टक्के, आणि डावा संघ जिंकतो २५ टक्के. दर चार मॅचमागे एक! बास्केटबॉलमध्ये शंभराच्या घरात गुण होतात, तिथे उजवा संघ सहसा वर येतोच. फुटबॉलमध्ये गोलच इतके कमी की एकाने सगळं उलटतं. (खऱ्या आयुष्यात ०-० आणि १-१ या साध्या मॉडेलपेक्षा थोडे जास्त दिसतात. डिक्सन आणि कोल्स यांनी १९९७ मध्ये त्यासाठी दुरुस्ती सुचवली, पण कमिटीला ते सांगू नका.)

म्हणून क्लब निकालाच्या मागे बघतात. २०१४-१५ ला जर्मनीतलं डॉर्टमुंड अर्धा सीझन संपला तेव्हा तळाला रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या जागेत होतं. इयन ग्रॅहम या लिव्हरपूलच्या तेव्हाच्या संशोधन प्रमुखांनी त्यांचे शॉट तपासले तर संघ तितका वाईट खेळतच नव्हता, गोल होत नव्हते एवढंच. सीझन सातव्यावर संपला. त्या सीझनचे डॉर्टमुंडचे कोच युर्गेन क्लॉप, त्यांनाच लिव्हरपूलने ऑक्टोबर २०१५ मध्ये आणलं.

आणि काका, प्रेक्षकांचा दम मोजायची संधी कोविडने दिली. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये स्टेडियम बहुतेक रिकामी होती. घरच्या संघांचे विजय १४४, पाहुण्यांचे १५३. पाहुणे पुढे असलेला तो त्या लीगचा पहिलाच सीझन. तुमची आरडाओरड वाया जात नव्हती!

जुना_हाफबॅक | मंगळवार, सायंकाळी ६.१०

हे मात्र पटलं. उरलेला अर्धा गुण तुम्ही ठेवा.

टर्फवाला | मंगळवार, रात्री ९.१५

गोलीभाऊ, कॅमेऱ्याचं काय ठरलं? एक सांगतो, आमच्याकडे एका टीमने लावला होता. रिपोर्ट सुंदर यायचा, रंगीत. कोण किती किलोमीटर पळाला ते वाचून पोरं बॉल नसताना उगाच धावायला लागली, आकडा वाढावा म्हणून.

सीवूड्सचा_गोली | बुधवार, रात्री १०.२०

कमिटीत वर्गणीला नाही म्हटलं. दोन पालक नाराज आहेत, चालायचंच.

ठरलं ते असं. आलेखाच्या वहीत टर्फचा अर्धा भाग काढायचा, एका पानावर एक मॅच. शॉट मारला तिथे फुली, गोल झाला तर फुलीभोवती वर्तुळ. फुलीशेजारी तेव्हाचा स्कोअर आणि शॉटच्या आधी बॉल कुठून आला: कोपऱ्यातून मागे, मधून, की एकट्याने पळत. समोरच्यांचे शॉटही तसेच, वेगळ्या रंगात. पझेशन अजिबात नाही. काका म्हणतात तशी थेट चाल असेल तर बाण काढायचा, त्यांचा अर्धा गुण वाया जायला नको. दहा-बारा मॅचेस होईपर्यंत पानं कोणालाच दाखवायची नाहीत, पालकांना तर नाहीच.

अडचण एकच. लिहायला माणूस हवा, आणि तो कोणाचा बाप नको. स्वतःच्या पोराचे शॉट सगळ्यांना बॉक्सच्या आतच दिसतात.

प्राजक्ता_ठाणे | बुधवार, रात्री १०.४५

दोघं बसवा, वेगवेगळ्या बाजूंना, एकमेकांचं न बघता लिहू दे. पहिल्या दोन-तीन मॅचेसची पानं शेजारी ठेवून बघा किती फुल्या जुळतात. फारच फरक पडला तर चौकोन मोठे करा, बारीक जागा लिहिण्यात अर्थ नाही.

जुना_हाफबॅक | गुरुवार, सकाळी ६.२५

मला नातवंडं आहेत पण त्यांच्यातलं कोणी फुटबॉल खेळत नाही, सगळे क्रिकेटवाले. कळव्याहून ठाण्याला, तिथून वाशी लाइनने घणसोली. रविवारी किती वाजता?

सीवूड्सचा_गोली | गुरुवार, सकाळी ७.१०

सातचा स्लॉट आहे काका, पावणेसातला गेटवर. पेन्सिल मी आणतो. विंगरला ओरडायचं नाही, एवढी एकच अट.

जुना_हाफबॅक | गुरुवार, सकाळी ७.१२

अट मान्य नाही. तरी येतो.